मावशींचे पासबुक मावशींच्या हाती

वाचकाचे पत्र

“माझी मावशी ७९ वर्षांची आहे. इंदूरला रामबागेत स्वतःच्या घरात एकटी राहते. सरकारी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. मूलबाळ नाही, काका तीन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून काकांचा पुतण्याच तिचे सगळे बघतो : दवाखाना, औषधे, वीजबिल, बँक. सुरुवातीला आम्हा सर्वांना हायसे वाटले. पण आता काही गोष्टी खटकू लागल्या आहेत. पासबुक त्याच्याकडे असते. बँकेचे मेसेज त्याच्या मोबाईलवर जातात. काकांनी ठेवलेली एक एफडी मुदतीआधी मोडली गेली, हे मावशीला पावती शोधताना कळले. घराच्या दुरुस्तीला पैसे लागले असे तो म्हणतो, पण गळकी गच्ची तशीच आहे. परवा मी गेले तेव्हा तिच्या डबीत रक्तदाबाच्या गोळ्यांचे अर्धे तुकडे होते. ‘गोळ्या महाग झाल्यात, पुरवून घे,’ असे त्याने सांगितले म्हणे. आता तो घराचे दानपत्र करून देण्याविषयी बोलतो आहे. मी विषय काढला, की मावशी रडू लागते आणि म्हणते, ‘तो आला नाही तर माझे कोण करील?’ मी वैशाली नगरात राहते आणि नोकरी करते. पोलिसांत जाऊ का? गेले तर तिच्या सासरची मंडळी म्हणतील, हिचाच घरावर डोळा आहे. काय करावे?”
— एक भाची, इंदूर

उत्तर

नमस्कार.

‘तो आला नाही तर माझे कोण करील?’ हा मावशींचा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिला आहे. माझ्या उत्तराची सुरुवात मात्र तिथूनच करावी लागेल. ही भीती खरी आहे आणि मावशींची नुसती समजूत काढून ती जाणार नाही. एकट्या राहणाऱ्या वयस्कर बाईला दवाखान्यात नेणारा, रांगेत तिच्यासाठी उभा राहणारा, दोन दिवसांआड दाराची कडी वाजवणारा माणूस लागतोच, आणि तोच माणूस पैशांत गडबड करतो आहे हे दिसत असले तरी त्या पैशांवर पाणी सोडून त्याला धरून ठेवावे असे तिला वाटते. घरातल्या माणसाकडून होणारी पिळवणूक बहुधा अशाच वाटेने येते. आधी मदत होते, मग त्या मदतीची सवय लागते आणि नंतर त्या मदतीची वसुली सुरू होते. म्हणून माझे सांगणे असे आहे, की पुतण्यावर आरोप करण्याआधी तो करीत असलेल्या कामांची दुसरी सोय उभी करा आणि ती उभी राहत असतानाच मावशींचा पैसा पुन्हा त्यांच्या स्वतःच्या नजरेखाली आणा. हा क्रम उलटा झाला, तर मावशी भीतीपोटी त्याचीच बाजू घेतील, तुमचे येणे-जाणे त्यांना अवघड वाटू लागेल आणि दानपत्रावरची सही मात्र होऊन जाईल.

दोन गोष्टी या क्रमाची वाट पाहू शकत नाहीत. एक गोळ्या आणि दुसरी घर.

गोळ्यांविषयी आधी. अर्धे तुकडे पाहून तुमच्या काळजाचे पाणी झाले असेल, पण कोणाला काही बोलण्यापूर्वी ज्या डॉक्टरांनी त्या लिहून दिल्या त्यांच्याकडे मावशींना घेऊन जा आणि मात्रा नेमकी किती आहे ते विचारा. क्वचित डॉक्टरच अर्धी गोळी घ्यायला सांगतात, आणि तसे असेल तर पुतण्यावरचा एक आरोप तुम्हांला मनातून काढून टाकावा लागेल. तसे नसेल, तर हा विषय पैशांच्या हिशेबाचा राहत नाही, त्यांच्या जिवाचा होतो. महागाईची सबब तर टिकणारीच नाही, कारण रक्तदाबाच्या नेहमीच्या बहुतेक गोळ्या जनऔषधी केंद्रात पुष्कळ कमी किमतीत मिळतात. डॉक्टरांकडून मात्रा आणि वेळा स्वच्छ अक्षरांत लिहून घ्या, तो कागद फ्रिजवर लावा आणि महिन्याची औषधे जवळच्या दुकानातून थेट घरी यावीत अशी व्यवस्था करा. इस्पितळाच्या खर्चाचा धाक घालून घर मागितले जात असेल, तर मावशींना हेही सांगा, की ७० वर्षांवरील प्रत्येकाला उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि त्यावर योजनेतील रुग्णालयात दाखल झाल्यास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराची सोय असते. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली आहे. कार्ड काढले नसेल तर तेवढे एक काम याच महिन्यात उरकून घ्या.

आता घर. दानपत्र, ज्याला महाराष्ट्रात बक्षीसपत्र म्हणतात, त्याची दोन साक्षीदारांसह रजिस्ट्री झाली, की घर त्याच क्षणी दुसऱ्याचे होते, आणि नंतर मन बदलले म्हणून देणाऱ्याला ते एकट्याच्या इच्छेने परत घेता येत नाही. मृत्युपत्राचे, म्हणजे वसीयतीचे, तसे नसते. ते माणसाच्या पश्चात लागू होते, जिवंतपणी कितीही वेळा बदलता येते, शेवटचे असेल तेच ग्राह्य धरले जाते, त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि त्याची नोंदणीही सक्तीची नाही. मावशींच्या मनात पुतण्याला घर द्यायचे असेल, आणि तो त्यांचा अधिकार आहे, तरी ते मृत्युपत्राने देता येते. त्याने आज मागितलेली गोष्ट मावशींना हयातीतच आपल्या घरात पाहुणी करून ठेवणारी आहे, हे त्यांच्यापर्यंत शांतपणे पोहोचले पाहिजे. ‘देऊ नकोस’ असे म्हणू नका. ‘द्यायचेच तर मृत्युपत्रात लिही, आज सही कशाला?’ एवढेच विचारा. मागणारा नुसत्या मायेने मागत असेल, तर या उत्तरावर त्याला रुसण्याचे कारण उरत नाही.

इथे आणखी एक बाब सांगायला हवी, जी आपल्याकडच्या सुशिक्षित कुटुंबांतही क्वचितच ठाऊक असते. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः कमावलेली मालमत्तासुद्धा पहिल्यांदा पतीच्या वारसांकडे जाते. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. म्हणजे मावशींनी काहीच केले नाही तरी घर सासरच्याच वारसांकडे जाण्याचा संभव आहे. ‘पुढे कोर्टकचेऱ्या होतील’ असे सांगून दानपत्रासाठी घाई केली जात असेल, तर ती भीती कशाची हे त्याला विचारण्यासारखे आहे. आणि मावशींना घराचे काही वेगळे करायचे असेल, एखाद्या शाळेला द्यायचे असेल किंवा भावंडांच्या मुलांत वाटायचे असेल, तर मृत्युपत्र करणे हाच त्यांचा मार्ग आहे. दोन साक्षीदार असे निवडावेत ज्यांना त्यातून काहीही मिळायचे नाही, आणि या वयात त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रकृतीविषयीचे प्रमाणपत्र सोबत जोडून ठेवावे.

समजा दानपत्रावर सही आधीच झाली असेल, तरी हातपाय गाळू नका. माता-पिता आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठीचा २००७ चा कायदा ६० वर्षांवरील प्रत्येकाला लागू आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे, देखभाल करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती देखभाल केली नाही किंवा नाकारली, तर तो व्यवहार फसवणुकीने किंवा दडपणाखाली झाला असे मानून न्यायाधिकरण तो रद्द ठरवू शकते. घेणारा मुलगाच असला पाहिजे असे या कलमात नाही. अडचण येते ती ‘अट’ सिद्ध करण्याची. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एका निकालात ही अट दिसली पाहिजे असे म्हटले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईचे प्रकरण त्या न्यायालयापुढे आले. तिथे दानपत्रासोबत मुलाने सांभाळ करण्याचे वचनपत्र लिहून दिले होते. हा कायदा वृद्धांच्या हितासाठी आहे, म्हणून त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे, अशी भूमिका घेत न्यायालयाने दानपत्र रद्द ठरवले. तात्पर्य, मावशी उद्या कोणाचेही न ऐकता दानपत्र करायलाच निघाल्या, तर निदान त्या दस्तातच स्पष्ट लिहून घ्या, की घेणाऱ्याने त्यांचे अन्न, औषधोपचार आणि देखभाल यांची जबाबदारी घेतली आहे, मावशींना त्या घरात आमरण राहण्याचा हक्क आहे आणि ही जबाबदारी पाळली नाही तर दस्त रद्द होईल. तोंडी वचन कोर्टात शोधायला लागते, लिहिलेले समोर ठेवता येते.

याच्या जोडीने मावशींनी कोणते मुखत्यारपत्र लिहून दिले आहे का, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सह्या केल्या आहेत का, हे हळूच विचारा. मुखत्यारपत्र रद्द करता येते. नोंदलेले असेल तर रद्द केल्याचा दस्तही नोंदवून घ्यावा आणि त्याची लेखी सूचना ज्याला ते दिले होते त्याला आणि बँकेला पाठवावी. मध्य प्रदेशात २०२४ पासून दस्तनोंदणीसाठी संपदा २.० ही ऑनलाइन व्यवस्था आहे आणि तिच्यात आधारशी जोडलेल्या ओळखपडताळणीला मोठे स्थान आहे. त्यामुळे मावशींच्या आधारला कोणाचा मोबाईल नंबर जोडलेला आहे, हा प्रश्न बँकेइतकाच महत्त्वाचा ठरतो. तो पुतण्याचा असेल तर आधार केंद्रात जाऊन मावशींचा नंबर जोडून घ्या. अंगठ्याच्या ठशावर कियोस्कवरून पैसे काढले जात असल्याची शंका असेल, तर आधारचे बायोमेट्रिक्स लॉक करण्याची सोय आहे. फक्त नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यापूर्वी ते तात्पुरते उघडावे लागते, एवढे लक्षात ठेवा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, म्हणजे पासबुकाकडे. यासाठी पुतण्याचे नावसुद्धा काढायची गरज नाही. तुमच्या मावशी शिक्षिका होत्या. वर्षानुवर्षे हजेरीपट आणि गुणपत्रके त्यांनी स्वतःच्या हाताने भरली असतील, तेव्हा आकडे त्यांना परके नाहीत. ‘मावशी, तुझी पेन्शन आता किती जमा होते गं? महागाई भत्ता वाढला म्हणतात,’ इथून बोलणे सुरू करा. त्यांना उत्तर देता आले नाही, तर ‘चल, बघून येऊ,’ म्हणा आणि एका सकाळी त्यांना त्यांच्या शाखेत घेऊन जा. पासबुक सापडत नाही असा अर्ज देऊन नवे मागता येते आणि गेल्या वर्षभराचा खातेउताराही मिळतो. तो तुम्ही वाचू नका, त्यांना वाचू द्या. तुम्ही पेन्सिल घेऊन शेजारी बसा आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा : हे तू काढलेस का? त्या ज्या दिवशी घराबाहेर पडल्या नव्हत्या, त्या दिवशी एटीएममधून गेलेली रक्कम, कधी न ऐकलेल्या नावाने यूपीआयवरून झालेले पैसे, पेन्शन जमा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी दर महिन्याला निघणारा तोच आकडा, हे सगळे त्यांच्याच बोटाखाली येईल. हीच गोष्ट तुम्ही ओरडून सांगितली असती तर त्यांनी ती नाकारली असती. स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेली ओळ नाकारणे अवघड असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तिच्यावर काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याचकडे राहतो. त्या वेळी गप्प बसणे तुम्हांला जड जाईल, तरी गप्प बसा.

त्याच भेटीत खात्याला जोडलेला मोबाईल नंबर बदलण्याचा अर्ज त्यांच्या सहीने द्या, जुने डेबिट कार्ड बंद करा, चेकबुक बदलून घ्या आणि यूपीआय कुठे चालू असेल तर ते थांबवायला सांगा. हे केव्हा कळवले याला अर्थ आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे, खातेदाराने स्वतःच्या निष्काळजीपणाने, म्हणजे पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला सांगितल्यामुळे, झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत खातेदाराचेच असते, पण कळवल्यानंतरच्या अनधिकृत व्यवहाराची जबाबदारी बँकेवर येते. म्हणून अर्जावर तारखेसह पोच घेतल्याशिवाय शाखेतून निघू नका. खाते पुतण्याबरोबर संयुक्त करून ठेवलेले निघाले, तर त्याचे नाव काढण्याच्या खटपटीत वेळ घालवू नका, कारण त्यासाठी त्याचीही संमती मागितली जाईल. मावशींच्या एकटीच्या नावाने दुसरे खाते उघडा आणि पेन्शन तिकडे वळवा. शक्य असेल तर दोन खाती असू द्यावीत. एकात पेन्शन आणि ठेवींचे व्याज जमा व्हावे आणि त्याला कार्ड नसावे. दुसऱ्यात दरमहा घरखर्चापुरती रक्कम आपोआप जावी आणि त्याचे कार्ड वापरात असावे. मग मदत करणारा कोणीही असो, चूक झालीच तर ती एका महिन्याच्या किराण्यापुरती राहते. उरलेल्या ठेवी मावशींच्या एकटीच्या नावावर असाव्यात. त्यांना नॉमिनी ज्याला करायचे त्याला त्यांनी करावे. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि नॉमिनीला हयातीत त्या पैशाला हात लावता येत नाही.

शाखेत वरचेवर जाणे मावशींना झेपणार नसेल, तर ७० वर्षांवरील खातेदारांना घरपोच सेवा देण्याविषयी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. रोख रक्कम, डिमांड ड्राफ्ट, केवायसीचे कागद, हयातीचा दाखला ही कामे त्यात येतात. ‘बँकेची कामे आता तुझ्याने होणार नाहीत’ हे वाक्य त्यांनी गेल्या तीन वर्षांत बहुधा पुष्कळदा ऐकले असेल. बँकेचा माणूस एकदा दारात येऊन त्यांची सही घेऊन गेला, की त्या वाक्याचा जोर ओसरतो.

पुतण्याशी कोणी बोलावे आणि केव्हा, हा नाजूक भाग आहे. माझ्या मते आधी कामांची यादी मावशींच्या हस्ताक्षरात तयार व्हावी : कोणत्या दिवशी कोण येते आणि काय करते. मग तिच्यातली कामे चार जणांत वाटावीत. वीजबिल तुम्ही भरा, डॉक्टरांकडे तुमच्या भावाने न्यावे, आठवड्याची भाजी शेजारच्या कोणी आणावी, आणि सकाळचे दोन तास पगारी बाई ठेवता आली तर उत्तमच, मावशींची पेन्शन त्यासाठीच आहे. पुतण्याकडेही त्याला जमेल ते एखादे काम राहू द्या. त्याच्या धावपळीचे पैसे मावशींना द्यावेसे वाटले तर ते उघडपणे, ठरवून, चेकने द्यावेत. मी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण अशा प्रकरणांतला प्रत्येक जण पहिल्यापासून लुबाडायच्या हेतूने आलेला नसतो. तीन वर्षे एकट्याने राबणारा माणूस, नातेवाईक सणावारी डोकावून जातात हे पाहून, एक दिवस स्वतःच आपला मोबदला ठरवून घेतो. त्यामुळे त्याचे वागणे माफ होत नाही. पण तुम्ही सगळे इतके दिवस कुठे होतात, हा त्याचा प्रश्न येणार आहे आणि त्याचे उत्तर तुमच्या वाटून घेतलेल्या कामांतूनच द्यावे लागेल. मोडलेल्या एफडीचा हिशेब मात्र मावशींनी लेखी मागावा. दुरुस्ती झाली असेल तर पावत्या असतील.

‘घरावर डोळा’ या आरोपाचे म्हणाल, तर तो होणारच असे धरून चला आणि त्याला जागाच ठेवू नका. मावशींच्या कुठल्याही खात्यात सहधारक किंवा नॉमिनी म्हणून स्वतःचे नाव घालू देऊ नका, त्यांचे पासबुक एक रात्रसुद्धा तुमच्या घरी ठेवू नका आणि मृत्युपत्राच्या वेळी खोलीत थांबू नका. सासरकडच्या एखाद्या विश्वासू माणसाला, मावशींची नणंद असेल तर तिला, पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. कायद्याने तुम्ही या घराच्या पहिल्या वारस नाही, हे या वेळी तुमच्या फायद्याचेच आहे.

पोलिसांत जाऊ का, असे तुम्ही विचारले आहे. मावशींची तयारी असेल तर अवश्य जा. सह्या फसवून घेतल्या असतील किंवा सोपवलेला पैसा परस्पर वापरला असेल, तर विश्वासघात आणि फसवणूक हे भारतीय न्याय संहितेखालचे गुन्हे आहेत, नाते जवळचे असले म्हणून ते पुसले जात नाहीत. मात्र फिर्यादीच्या आधी बोलणी करण्याचे मार्गही इंदूरमध्ये आहेत. इंदूर पोलिसांची ज्येष्ठ नागरिकांसाठीची पंचायत अशाच घरगुती तक्रारींत दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवते. वर्दीतला अधिकारी शेजारी असला, की पावत्या लवकर सापडतात असा अनुभव पुष्कळांना येतो. तुमच्या भागातल्या ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ म्हणून मावशींचे नाव नोंदवून ठेवा. एल्डर लाइन, १४५६७, ही केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. तिथे मावशींनाच बोलू द्या. घरच्यांना जे सांगता येत नाही, ते त्या परक्या माणसाला सांगतील. धमकी, मारहाण किंवा डांबून ठेवण्याचा प्रकार झाला, तर थेट ११२.

२००७ च्या कायद्याखालचे न्यायाधिकरण म्हणजे आपले एसडीएम, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी, यांचे कार्यालय. अर्ज साध्या कागदावर मावशी स्वतः करू शकतात किंवा त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती अथवा संस्था करू शकते. हे काम वकिलाशिवाय चालावे अशीच कायद्याची रचना आहे. निर्वाहाच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत लागावा, अडचण असल्यास आणखी ३० दिवसांत, असे त्यात म्हटले आहे. ज्याच्या ताब्यात त्यांची मालमत्ता आहे किंवा वारशाने ज्याला ती मिळणार आहे, अशा नातेवाइकाकडे अपत्य नसलेल्या ज्येष्ठालाही निर्वाह मागता येतो, त्यामुळे पुतण्याही या कायद्याच्या कक्षेबाहेर असेलच असे नाही. अर्ज पुढे सरकत नसेल, तर दर मंगळवारी कलेक्टर कार्यालयात होणाऱ्या जनसुनवाईला मावशींना घेऊन जा, नाहीतर १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. दस्त रद्द करण्यासारखे मोठे काम निघाले आणि वकील लागलाच, तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यांचा क्रमांक १५१०० आहे. कागदावर सही घेताना मावशींच्या वयाचा, आजाराचा आणि अवलंबून असण्याचा फायदा घेतला गेला असेल, तर भारतीय करार कायद्याच्या कलम १६ मधला अनुचित प्रभावाचा मुद्दा वकिलांना आवर्जून सांगा.

मला सर्वांत जास्त काळजी मावशींच्या एकटेपणाची वाटते, कारण ते कोणत्याही अर्जाने सुटणारे नाही. काका असताना त्या ‘सानंद’ या इंदूरच्या संस्थेच्या नाटकांना जात होत्या का? महाराष्ट्र साहित्य सभेच्या कार्यक्रमांना, गल्लीतल्या भजनी मंडळाला, शाळेतल्या जुन्या सहकारी बायकांकडे? यांतले जे तुटले आहे त्यातले एक तरी पुन्हा जोडून द्या. न्यायला-आणायला माणूस लागेल, तो तुमच्यापैकी कोणी व्हा. आठवड्यातून चार माणसांना भेटणाऱ्या बाईला एकाच माणसाच्या येण्या-न येण्याचा धाक वाटत नाही, आणि तिच्या हातातली बांगडी किंवा चेहऱ्यावरचा रंग बदलला तर तो पाहणारे कोणी असते. रामबागेसारख्या जुन्या वस्तीत अशी माणसे अजून आहेत. त्यांना कोणी विचारलेले नसते इतकेच.

हे सगळे करूनही मावशी ‘नको’ म्हणाल्या तर? त्यांची बुद्धी शाबूत असेल, तर त्या पैशाचे काय करायचे हे ठरवण्याचा हक्क त्यांचा आहे, तुम्हांला ते पटले नाही तरी. तुम्ही त्यांच्यावर जबरदस्ती केलीत, तर पुतण्याने केले तेच तुम्ही वेगळ्या हेतूने केल्यासारखे होईल. अशा वेळी जाणे थांबवू नका. दर भेटीत पासबुकाचा विषय काढू नका. मात्र काय पाहिलेत ते तारीखवार वहीत लिहीत राहा : गोळ्या, गच्ची, कोणाचे काय बोलणे. पुढे त्यांचे मन बदलले तर ही वही उपयोगी पडेल. अलीकडे त्या तारीख-वार विसरतात, तेच ते पुन्हा विचारतात असे जाणवत असेल, तर नुसते वय झाले म्हणून सोडून देऊ नका, स्मृतीची तपासणी करून घ्या. त्या तपासणीच्या निष्कर्षावर त्यांनी केलेल्या सह्यांचे मोल ठरू शकते.

आणि पुतण्या त्यांना उपपंजीयक, म्हणजे दस्तनोंदणीच्या, कार्यालयात घेऊन जाणार असल्याची कुणकुण लागली, तर तारीख कळताच त्यांच्याकडे मुक्कामाला जा. मावशींना फक्त एकच गोष्ट करायला सांगा : कागद घरी आणून दोन दिवस वाचल्याशिवाय सही करणार नाही, असे अधिकाऱ्यासमोर मोठ्याने म्हणायचे. रजिस्ट्रीच्या वेळी देणाऱ्याने नकार दिला, तर दस्त पुढे जात नाही.